चिटणिसाची वही

टॉलमन हॉलोच्या चर्चची चिटणीस म्हणून
माझ्याकडे दोन किल्ल्या आहेत
आणि वासराच्या कातड्यात बांधलेली एक वही,
जिला अजून ओल्या लोकरीचा वास येतो.

पहिलंच पान भांडणाचं.
चर्च ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे?
नऊ वर्षं घोंगडं भिजत पडलं.
मग बाहेरगावचे तीन पंच आले,
साखळीनं गाव मोजलं,
आणि कुणालाच नको होती त्या दलदलीत
खुंटी ठोकून परत गेले.
सतराशे त्रेचाळीस. ओकचे खांब उभे करायला
चाळीस माणसं, अकरा बैलजोड्या, सहा पिंपं रम.
रमचा हिशेब पेनीपर्यंत बिनचूक.
तुळईवरून पडलेल्या पोराचं नाव
शाईच्या डागाखाली.

आमच्या डोक्यावर बिशप नाही.
जे ठरवायचं ते हात वर करून.
त्यामुळे पाप ढकलायलाही वर कुणी नाही;
तेही वहीत आहे, मतांच्या आकड्यासकट.

कुणी कुठे बसायचं याची कमिटी होती:
वय पाहा, जमीन पाहा, बापाची जमीन पाहा.
डीकन हॅबक्कुक टर्विल थेट व्यासपीठासमोर.
थँकफुल पेक दाराशी, वाऱ्यात.
(थँकफुल हे नाव. आभार मानल्याची नोंद नाही.)
चार वेळा तिनं जागा बदलून मागितली.
पाचव्या रविवारी निखाऱ्यांची पेटी उचलून
सरळ टर्विलांच्या बाकावर जाऊन बसली.
सहा महिने प्रभुभोजन बंद, एकमतानं.
ती मार्चपर्यंतच होती.

गॅलरीच्या जिन्याला सतरा पायऱ्या.
वर, छत डोक्याला लागतं तिथे,
‘रेव्हरंड स्टॅनविक यांची झिल्फा’.
यांची.
दर वेळी मी इथे अडते.
मुलगी नाही, बायको नाही,
नातं लिहायच्या जागी नुसता प्रत्यय.
बाप्तिस्मा एक्कावन्न साली.
त्यानंतर एकदम रेव्हरंडच्या मृत्यूनंतरची यादी:
दोन गाई, एक घड्याळ, झिल्फा.
घड्याळाची किंमत जास्त लावली आहे.

पुढची पानं मी भराभर उलटते.
शेगडी हवी की नको, तीस वर्षं.
देव एक की तीन, यावरून अर्धं गाव उठून गेलं
आणि जाताना चांदीचे पेले घेऊन गेलं.
अडतीसच्या वादळात कळस
टर्विलांच्या बटाट्यांत उलटा रुतला.

गेल्या ऑगस्टमध्ये ऑर्विल डिक
गॅलरीच्या फळ्या बदलायला आला. मला वर बोलावलं.
बाकाच्या खालच्या अंगाला खाचा,
डोळ्यांना न दिसणाऱ्या, बोटांना लागणाऱ्या.
मी जमिनीवर उताणी पडून मोजल्या. दोनशे चौदा.
रविवार? हिवाळे तर नसतील. माणसं?
‘कंटाळलं असेल कुणीतरी,’ ऑर्विल म्हणाला.
असेलही. प्रवचन तीन तासांचं असायचं.
ती फळी मी बदलू दिली नाही.
मतदानाशिवाय केलेली माझी पहिली गोष्ट.

काल बैठक झाली. सभासद नऊ.
बॉस्टनच्या एकाला इथे मातीची भांडी करायची आहेत.
पाच विरुद्ध चार. ठराव मंजूर.
मी लिहिलं. मग सामानाची यादी करायला बसले:
घंटा, तडा गेलेली. कथलाचे पेले, दोन.
बाक, एकवीस, आणि
पेन तिथेच ठेवलं.

रात्री ऑर्विलला फोन केला.
ट्रक घेऊन ये, का ते विचारू नकोस.
त्यानं विचारलं नाही. नुसती टेप लावली,
आणि म्हणाला, वळणावर अडकेल.

अडकला.
सातव्या पायरीवर, टॉर्च दातांत धरून,
एक टोक त्याच्या खांद्यावर, एक माझ्या हातांत,
खाचा माझ्या बोटांखाली.
उभा करून पाहिला, आडवा करून पाहिला.
मग ऑर्विल हळूच म्हणाला,
हा वर नेलेलाच नाही गं कुणी.
वरच बांधलाय.
खाली यायला केलेलाच नाही हा.