बैठक

कारा-बाल्टाच्या टोकाला, जिथे तोओ-आशूचा घाट संपतो
आणि उतरलेल्या प्रत्येक गाडीला जळक्या ब्रेकचा वास असतो,
तिथे दोक्तुरबेकचं गॅरेज.
नाव खरंच दोक्तुरबेक. त्याच्या आईची स्वप्नं वेगळी होती.
मी तेव्हा त्याचे पान्हे पुसायचो.

सप्टेंबर असावा. सुसामिरच्या पठारावरून
घोडीच्या दुधाचे कॅन घेऊन कनीशाय उतरली,
हिरवी जुनी ऑडी, मागची सीट काढून टाकलेली.
म्हणाली, ब्रेक दाबला की थरथर सुटते.
कुणाला, ते म्हणाली नाही.

कुठे जाणवते? हातात की बुडाखाली?
हातात.
म्हणजे पुढची चाकं. किती वेगाला?
ऐंशीच्या वर. खाली आलं की विरते.
मग ती जमिनीकडे बघत बोलली:
दिराने दोनदा नव्या चकत्या घातल्या,
दोन महिने बरं जातं, पुन्हा तेच.
तो म्हणतो गाडीत काही नाही, तुझेच हात.
दवाखान्यातही तेच म्हणाले,
नवरा मॉस्कोत, घाट एकटीचा, हात कापणारच.
गोळ्या दिल्यात. निळ्या.

आजार म्हशीला, औषध पखालीला.

दोक्तुरबेकने किटली तिच्यापुढे सरकवली.
तीन वाट्या चहा तिनेच ओतला, काठोकाठ.
थेंब सांडला नाही.
जॅक आण, तो मला म्हणाला.

एक नट बोटांनी सुटला.
शेजारच्यासाठी पान्ह्यात पाइप घालून मी लोंबकळलो.
कुणी आवळले हे?
दिराने. पान्ह्यावर उभा राहून.

चकतीला गेजचं टोक टेकवलं
आणि तो ती फिरवू लागला, बाळाची मान फिरवावी तशी.
सुई स्वस्थ होती, स्वस्थ होती, मग दचकली.
पुढच्या फेरीत पुन्हा, त्याच जागी.
बारा शतांश मिलिमीटर, तो म्हणाला,
माझ्या दाढीचा एक केस.

चकती निघाली. तिच्यामागे, हबच्या तोंडावर,
कित्येक हिवाळ्यांचं रस्त्यावरचं मीठ
गंज होऊन बसलं होतं, नखाएवढा पापुद्रा.
त्याच्यावर नवी चकती. मग अजून नवी.
दोन्ही बिचाऱ्या सरळ, पण बैठकच वाकडी;
दर फेरीला पॅडला एका अंगाने चाटत
एका जागी झिजत गेल्या.
तिथे ब्रेक धरतो, सोडतो, धरतो, सोडतो.
कनीशाय वाकून बघत राहिली.
एवढंसं? म्हणाली. त्यावर कुणी बोललं नाही.

तारेचा ब्रश घेऊन मी अर्धा तास घासलं.
त्याने नख फिरवलं. पुन्हा, म्हणाला.
पुन्हा घासलं. पुन्हा, म्हणाला.
चकत्या म्हाताऱ्या हाइनरिखच्या लेथवर गेल्या,
ज्याच्या बापाला व्होल्गाकाठून उचलून इथे आणून टाकलं होतं;
तो कामाचे पैसे घेई, गप्पांचे नाही,
त्यामुळे संध्याकाळ झाली.
या वेळी सुई जेमतेम हलली, झोपेत कूस बदलावी तेवढी.
नट समोरासमोरचे, थोडे थोडे,
मोजाच्या पान्ह्याने. पाय कुणाचाच नाही.

बिश्केकच्या सरळ रस्त्यावर तीच चालवत होती,
मी मागे कॅनवर बसून.
शंभर. दाब, दोक्तुरबेक म्हणाला. पूर्ण थांबू नकोस.
पुन्हा शंभर. दाब.
असं तीस वेळा, नव्या पॅडची आणि चकतीची ओळख होईपर्यंत.
दहाव्या वेळेला तिने एक हात काढून मांडीवर ठेवला.
विसाव्याला उरलेल्या हाताची दोनच बोटं स्टिअरिंगवर होती.

मग तिने गाडी बीटच्या शेताकडेला लावली,
फोन काढला, दिराला लावला,
आणि जे काही झापलं त्याला,
कॅनमधलं दूधसुद्धा नासलं असेल.
दोक्तुरबेक खाली उतरून
चाकाजवळ तळहात धरून बघत होता, किती तापलंय.
पन्नास किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे, तो ओरडला.
तिला ऐकूच गेलं नाही.