अक्षराला वीस रुपये

तासगावच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
त्यावर बोर्ड रंगवायचा होता,
आणि मकबूल पेंटर अक्षराला वीस रुपये घेतो.
काना-मात्रा फुकट, म्हणाला, जोडाक्षराला तीस.

मी कागदावर लिहून नेलं होतं:
मुक्तस्रोत संगणकप्रणाली, महिलांसाठी व सर्वसामान्यांसाठी.
त्यानं बोटं मोजली
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की मीच अर्धं खोडलं.

पुण्याच्या एका संस्थेनं पत्रकं धाडली होती, पाचशे.
गुलाबी. कडेनं जास्वंदी,
मधोमध लॅपटॉप मांडीवर घेऊन हसणारी बाई,
जिच्या नखांत बेदाण्याचा चिकटा कधी गेला नसावा.
ती मी बेदाणा शेडवर वाटली, जेवणाच्या सुट्टीत.
दोन वाजेपर्यंत सगळ्यांच्या भाकऱ्या
त्याच बाईच्या तोंडावर ठेवलेल्या होत्या.

मग शब्दांचा घोळ.
'फुकट आहे,' म्हटलं मी.
केराबाई पदर आवरत म्हणाल्या,
'फुकट? मागल्या साली फुकट कुकर दिला एकानं,
त्याचं हप्तं अजून फेडतीया माझी सून.'
'मुक्त आहे.'
'मुक्त झाली म्हंजे गेली न्हवं?'
'खुलं आहे हो, खुलं.'
मागून शालन कांबळे, निवडणारे हात न थांबवता:
'खुल्या गटालाच का? आमाला न्हाई?'
सगळ्या हसल्या. तीपण.
मी जरा उशिरा हसले.

मार्चअखेरीला गटाचा हिशोब बंद पडला.
कुणाच्या तरी भाच्यानं टाकून दिलेला चोरीचा प्रोग्राम,
पडद्यावर लाल चौकट: बारा हजार भरा.
एकशे चौदा बायकांची मजुरी त्या चौकटीमागं.
रेहाना मुलाणीचा फोन आला,
'तुझं ते मुक्त-बिक्त घेऊन ये.
नावाचं नंतर बघू.'

बसवलं. रात्री साडेनऊपर्यंत
जुन्या वहीतले आकडे परत घातले,
एक वाचायची, एक बटणं शोधायची, एक चहा ओतायची.
'सेव्ह'च्या जागी तिथं होतं: जतन करा.
रेहाना दाबायच्या आधी दर वेळी
मोठ्यानं वाचायची, जतन करा,
जणू कुणी पोर तिच्या हाती देतंय.

फक्त मालाच्या रकान्यात 'नग' येत होतं.
'नग कसला? सांगलीच्या यार्डातसुद्धा पेटीच म्हणत्यात.
त्यांना सांग की.'
'त्यांना म्हणजे कुणाला?'
'ज्याचं हाय त्याला.'
'असं एकाचं कुणाचं नाही. आपणच बदलायचं.'
ती बघत राहिली,
परक्या घरात फडताळ उघडायला सांगावं तशी.
मग खुर्ची पुढं ओढली.
दोन दिवस लागले. एकदा सगळी नावं उलटी झाली,
एकदा केराबाईंच्या नावावर एकोणीसऐवजी एकोणीसशे पेट्या,
त्यांनी घरी जाऊन सुनेला सांगितलंसुद्धा.
पण आता तिथं 'पेटी' येतं.

'कवठे-महांकाळच्या बायका मागत्यात,' रेहाना म्हणाली,
'देऊ का? आपण बदललेलं?'
शालन म्हणाली, 'विरजणाचं पैसं घेत्यात व्हय?'

त्याच दुपारी केराबाई एका नव्या पोरीला शिकवत होत्या:
मूठ दाबायची, उघडायची,
दाणा मोकळा झाला पायजे,
एकमेकाला चिकटलेला माल बाजूला.
मी मोजलं. तीन अक्षरं, साठ रुपये.

मकबूलनं रंगवलं, हिरव्यावर पांढरं:
मोकळं.
खाली बारीक, मला न विचारता, पदरचं:
चौकशी आत.

आता लोक आत येऊन विचारतात,
जागा केवढी आहे, भाडं किती.
मी त्यांना बसायला खुर्ची देते.
प्रिंटर मात्र अजून ऐकत नाही.
रेहाना म्हणते, बघते.