डावा कोपरा

बोट आमचीच.
म्हणजे दांडेलीच्या कुणा रिसॉर्टवाल्यानं फुंकून टाकलेला सांगाडा,
उद्यमबागेत माझ्या शेडमागं दोन पावसाळे पालथा पडलेला.
शाफ्ट मी बसवला, कपलिंग मी कातलं, इंजिन मॅटाडोरचं.
पंखा पोटाखाली घेतला, शेपटीला नाही.
वेल्डर म्हणाला, शेपटीला सोपं पडतंय की ओ.
म्हटलं, मागं माणूस असणार,
आणि पंख्याला माणूस ओळखू येत नाही.

हिडकलच्या पाण्यावर पहिल्याच रविवारी
समिधानं मला हुद्दा दिला : वजन.
डाव्या मागच्या कोपऱ्यात बसायचं. हलायचं नाही.
शेजारी पोत्यांत माझीच रिजेक्ट कास्टिंगं,
भोकं पडलेली हौसिंगं, वाकड्या पुल्या,
कोल्हापूरच्या गिऱ्हाइकानं चिठ्ठी लावून परत धाडलेलं एकेक.
बोट कुशीवर कलली, पाण्यातल्या म्हशीसारखी.
दुरगाप्पानं वेग धरला, सायकलवाल्यानं उतारावर धरावा तेवढाच,
आणि मागं उठली ती
हिरवी, गुळगुळीत, कमरेएवढी,
माथ्यावर काहिलीतला रस चढताना येतो तसा फेस.

तिच्यावर माझी मुलगी.
दोरी केव्हाच सोडलेली, हात मोकळे,
माझ्यापासून आठ हातांवर, तोंड माझ्याकडं.
"बाबा, थोडं मागं सरका!"
सरकलो. लाट बोटभर वर आली.
सत्तावन्न वर्षांत बूड हलवल्याचं
इतकं रोख फळ मिळालं नव्हतं.

चौथ्या रविवारी म्हटलं, आता मी.
पाण्यात उताणा, टाचा फळीवर, गुडघे पोटाशी,
जॅकेट कानापर्यंत चढलेलं.
"ओढू नका बाबा, बोट ओढते.
तुम्ही नुसतं बसून राहा,
कुणी खुर्चीसकट उचलतंय असं समजून."
पहिल्यांदा उठलोच नाही. नाकातून पाणी थेट टाळूत.
दुसऱ्यांदा दोरी छातीशी ओढली, तोंडावर आपटलो.
तिसऱ्यांदा फळी एकटीच गेली.
सहाव्यांदा उभा.

उभा. आणि लाट नाही.
होती, पण वाळत घातलेल्या चादरीच्या सुरकुतीएवढी.
माझी लाट माझ्याबरोबरच बोटीतून उतरली होती.

मग काठावरून विमलला बोलावलं,
चित्रान्नाचा डबा मांडीवर धरून ती आली.
जाळं सांधत बसलेली दुरगाप्पाची आई गंगव्वा आली.
"इल्ली कूड्री," म्हणत तिनं हिला आपल्याकडं ओढलं.
एकीला कन्नड बाजारापुरतं,
दुसरीला मराठी देवापुरती,
पण गुडघे दोघींचेही दुखत होते, त्यावर जमलं.
दोघी माझ्या कोपऱ्यात, वर आणखी एक पोतं.

बोट कलली. लाट आली.
मी उठलो, वाकलो, सरळ झालो.
पुढच्या पायावर भार दिला की ती जवळ घेते,
मागच्यावर दिला की टाकून जाते,
हे कळेपर्यंत दोरीला झोल पडला.
कुणी ओढत नव्हतं. तरी मी जात होतो.

"हग्ग बिडरी!" दुरगाप्पा ओरडला.
हग्ग म्हणजे दोरी. आमच्याकडं यावर कुणी हसत नाही,
बालवाडीतच हसून झालेलं असतं.
बिडरी म्हणजे सोडा.
ते मात्र आमच्या भागात
कुठल्याच भाषेच्या शाळेत शिकवत नाहीत.

मुठीनं विचार केला.
तेवढ्यात विमलनं माझ्याकडं बघितलं,
गंगव्वाच्या दंडाला धरलं
आणि दोघी मिळून जराशा मागं सरकल्या.

पायाखाली बोटभर काहीतरी वर आलं.

दोरी कुठं टाकली आठवत नाही.
समिधा म्हणते चार सेकंद, दुरगाप्पा म्हणतो दोन.
पडलो तेव्हा तोंड संकेश्वरच्या बाजूला होतं
आणि गंगव्वा मोठ्यानं काही म्हणत होती,
शिवी होती की शाबासकी, कानात पाणी गेलेलं.

डबा कोरडाच राहिला.