दोन सूत

भोसरीच्या शेडमध्ये शटर अर्धं ओढून
मुनाफचाचा आधी पंखा बंद करतो.
धुळीचा एक कण आत राहिला
तर गाडीच्या जन्माला पुरतो, म्हणतो.

मग साबणाचं पाणी. बॉनेटवर, फिल्मवर,
माझ्या मनगटांवरही.
दोघांनी चार कोपरे धरायचे
ओल्या चादरीसारखे,
आणि सोडायचं. हळू.

मधून कडेला रबरी पट्टी.
पाणी पळतं, बुडबुडे पळतात,
एक हट्टी हेडलाइटपाशी दबा धरून बसतो.
त्याला गरम हवा, थोडी शिवी.

कापायच्या वेळी चाचा श्वास धरतो.
ब्लेड फिल्मला कळावं, रंगाला नाही.
"किती जोर लावू?"
"भाकरीचा पापुद्रा सोडवतेस ना, तेवढा."

उरलेली दोन सूत कड आत दुमडते
आणि काहीच दिसत नाही.
बाणेरचं गिऱ्हाईक वाकून वाकून बघतं,
लावलीय ना नक्की?
चाचा नखाने टिचकी मारतो.

शनिवारी रेशनच्या दुकानात
त्याचा अंगठा मशीन घेत नाही.
पुसतो, फुंकतो, पुन्हा ठेवतो.
मागे रांग चुळबुळते.
मी म्हणते, चाचा, दुसरं बोट लाव.