स्टेशन सहा-अ

तिचे हात मी मोजले होते.
पोर्तुगालात, आगेदाच्या कुलपांच्या कारखान्यात,
दोन नंबरच्या बाकाशेजारी स्टूल टाकून,
मांडीवर तक्ता, हातात स्टॉपवॉच, सलग नऊ दिवस.

दियोलिंदा. एकाच बाकावर एकवीस वर्षं.
डाव्या हातात पितळी नळकांडं, उजव्यात चिमटा.
पाच भोकं, पाच उंचीच्या पाच पिना,
प्रत्येकीच्या डोक्यावर एक स्प्रिंग,
तांदळाच्या कणीएवढी, आणि खट्याळ :
एकीला उचलावं तर शेपूट धरून तिघी येतात.
दियोलिंदा फुंकर घालायची. दोघी गळून पडायच्या.
फुंकर : तीन दशांश सेकंद, मी लिहिलं.

"बोटं मोजतोस होय?" ती मान वर न करता म्हणाली,
"जन्मले तेव्हा सुइणीनं मोजलीत. दहाच आहेत."

घे. फिरव. धर. बसव.
सगळं तक्त्यात नीट मावत होतं.
फक्त एक गोष्ट सोडून :
स्प्रिंग बसल्यावर, पुढची उचलण्याआधी,
चिमटा जागच्या जागी थांबायचा.
चार दशांश सेकंद. पाच स्प्रिंगा, दोन सेकंद.
दिवसाला नऊशे कुलपं,
म्हणजे अर्धा तास नुसतं थांबणं.
मी लाल पेनानं लिहिलं : विनाकारण.

मग यंत्र आलं.
यंत्राआधी बेल्मीरू आला, हातोडी घेऊन.
पिना ज्यातून चढत येतात ते थरथरणारं ताट
त्यानं आमच्या आवारात बसून ठोकून घडवलं,
कडेला कान लावला, कानस फिरवली, पुन्हा कान लावला.
स्वयंचलित ताट हातानंच घडतं
हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.
ताटात पिना घोळक्यानं वर सरकायच्या,
उलटी पडलेली खाचेशी यायची
आणि कोसळायची तळाशी.
पुन्हा चढायची. राग नाही, लाज नाही.
मी तासन् तास बघत बसायचो.

चार सेकंदांत एक कुलूप.
आम्ही केक कापला.
दियोलिंदाला आधी पॅकिंगला टाकलं,
मग ती स्वतःहून गेली. केक तिलाही दिला होता.

मार्चमध्ये अकरा कुलपं परत आली.
विझेऊच्या एका निवृत्त मास्तरांनी चिठ्ठी जोडली होती :
"माझं दार शेजारणीच्या किल्लीनं उघडतं.
बाई चांगली आहे, पण तरी."
कुलपं कापली. कुठे तिसरं भोक स्प्रिंगविना,
कुठे स्प्रिंग आडवी, चेंगरलेली.
यंत्राला पत्ताच नव्हता. त्यानं बसवल्याची खूण केली होती.

त्या रात्री जुनी चित्रफीत काढली
आणि इतकी हळू लावली
की तिचं मनगट पाण्याखाली असल्यासारखं दिसलं.
चिमटा थांबतो. नाही, थांबत नाही.
टोक स्प्रिंगवर टेकलेलं असतं, हलकेच दाबत,
आहेस ना गं?
आणि स्प्रिंग उलट ढकलते.
केसभर.
मगच हात पुढे जातो.

आता तिथे जर्मन सेन्सर आहे.
पाचही स्प्रिंगा एकदम दाबतो, उत्तराची वाट बघतो.
किती वेळ, ते तुम्हाला ठाऊकच आहे.
नकाशावर त्याचं नाव स्टेशन सहा-अ.
किंमत तिच्या तीन वर्षांच्या पगाराएवढी.

एका शनिवारी मी तिला शोधत गेलो.
ती बहिणीच्या बेकरीत होती, कोपरापर्यंत पीठ.
मी सगळं सांगितलं : मास्तर, चित्रफीत, लाल पेन.
"थांबायचे? मी?" तिला खरंच आठवेना.
"उगाच काहीतरी. थांबले असते तर नऊशे झाले असते का?"
बोलता बोलता तिनं गोळ्यावर अंगठा दाबला,
काढला,
खळगा हळूहळू वर येईतो पाहिला,
आणि फावडं सरकवलं.
मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.
"बाजूला हो," ती म्हणाली, "भाजेल."