मंद गाडी आधी

थांबा, अजून ओरडू नका.
मनोऱ्यावरून बोलतोय, लोवेल हासेब्रुक.
माईक खरखरतो, त्याला इलाज नाही,
तेवीस उन्हाळे हाच आहे.

हो, मलाही दिसतंय:
डावीकडे मार्जीन टव्हर्डीची स्टेशनवॅगन,
मागच्या सीटवर कुत्र्याचे केस,
आणि उजवीकडे ट्रेंट ओबरमिलरचं ते लांबलचक धूड,
ज्याच्या नुसत्या गुरगुरण्यानं
तुमच्या पेल्यातला बर्फ हलतोय.
ही कसली जोडी, असंच ना?

काचांकडे बघा.
बुटांच्या पांढऱ्या पॉलिशनं लिहिलंय.
तिच्या: १८.४०
त्याच्या: ९.१५
हा गाडीचा नंबर नाही, किंमत तर नाहीच.
हा शब्द आहे, ज्याचा त्यानं दिलेला,
की पाव मैलाला मला इतके सेकंद लागतील.

आता वजाबाकी. तोंडी जमेल.
अठरा-चाळीसातून नऊ-पंधरा गेले,
उरले सव्वानऊ.
सव्वानऊ सेकंद मार्जीन एकटी धावणार
आणि ट्रेंट दिव्यांच्या खांबासमोर
मुठी आवळून बसणार,
तिचे मागचे लाल दिवे बारीक होत जाताना बघत.

तिसऱ्या फळीवरची निळी टोपी म्हणतेय,
मग काय, हिला जिंकूनच दिलंय.
नाही हो.
दोघांनी शब्द पाळला, दोघांचे पाय सारखेच चपळ निघाले,
तर दोन्ही नाकं शेवटच्या रेघेवर एकदम टेकतील.
अख्खी शर्यत उचलून
आम्ही त्या हातभर जागेत नेऊन ठेवलीय.
ससा-कासव आठवू नका.
इथे ससा झोपत नाही.

"मग वीस लिहायचे! जास्त लिहायचे!"
कोण? ती, हनुवटीवर लाल सरबत सांडलेली?
हुशार आहेस.
पण लिहिलंय त्याच्या आधी पोचलीस
तर हरलीस, बाळ.
अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात,
इथे अंथरूणही आपणच शिवायचं
आणि अंगठा बाहेर दिसला की उठायचं.

पिवळा, पिवळा, पिवळा, हिरवा.
ती गेली.
मोजा माझ्याबरोबर. मोठ्यानं.
सात.
आठ.
नऊ, आणि
(इथे माझं कुणाला ऐकू गेलं नाही.
कधीच जात नाही.)

आता तुम्ही मला शिव्या देताय.
ट्रेंट गाडीभर पुढे होता, मान्य,
मीही डोळ्यांनीच बघतो.
पण दिवा तिच्या बाजूचा लागलाय
कारण पाटीवर त्याचे ९.१३ आले.
दोन शतांश. पापणी लवायला याहून जास्त लागतात.
पायाखाली ब्रेक होता, पुढे गाडीभर जागा होती,
जरासा दाबला असता तरी पहिलाच आला असता.
ती मात्र १८.४१.
जेवढं बोलली, त्याला एक चिमूट कमी.

मी एकोणीस वर्षांचा होतो,
वडिलांचा धान्याचा ट्रक, हीच पट्टी,
त्यांनी सांगितलेला आकडा मी स्वतःच काचेवर लिहिला
आणि त्याच्या कितीतरी आधी पोचलो.
खिडकीतून हात काढून ओरडत होतो.
परत आलो तर वडील फडक्यानं काच पुसत होते,
बोलले काहीच नाहीत.
तेव्हा मनोऱ्यावर समजावायला कोणी नव्हतं.

असो.
मक्याच्या शेतांवर ऊन उतरलंय,
हवा गार झाली, इंजिनं आता मोकळा श्वास घेतील.
तिकडे बघा, रांगेच्या टोकाला:
मार्जीननं बोट ओलं करून वर धरलंय.
आता अंगठ्यानं
१८.४० मधला शून्य पुसतेय,
चारही पुसला.
थांबलीय.
पुढची फेरी त्या दोन आकड्यांत आहे,
पॉपकॉर्न नंतर आणा.