शेरा

सातवा तास. नववी ब.
खाली हर्णैच्या बंदरात लिलावाची वेळ झालेली,
बर्फाची गाडी मागे येताना वाजते ती शिट्टी
थेट फळ्यापर्यंत पोचते.
मी लिहिते : दुसरे महायुद्ध. कारणे.
खाऱ्या हवेनं खडू दमट,
'कारणे'वरची मात्रा उठतच नाही. पुन्हा गिरवते.
कारणं पाच, गुण पाच.

दोरकुळकर रात्रभर बापाबरोबर बोटीवर होता,
डोळे चोळत विचारतो,
"बाई, क्रांती कितव्या पानावर?"
"एकोणपन्नास," मी सांगते.
सांगताना मला काहीच वाटत नाही.

मग रुमाना सारंग उठते.
मिठाच्या पिशवीत गुंडाळून आणलेली
एक लहानशी वही टेबलावर ठेवते.
आजोबांच्या वडिलांची नल्ली, जहाजावरची.
हुद्दा : आगवाला.
म्हणजे बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून कोळसा मारणारा.
सहीच्या जागी अंगठा.
फोटोतला माणूस कॅमेऱ्याकडे बघत नाही,
त्याच्या जरा डावीकडे बघतो.
पानापानावर चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख,
आणि वर्तनाच्या रकान्यात गोल शिक्का :
फार चांगले. फार चांगले. फार चांगले.
एकोणीसशे एकोणचाळीसच्या हिवाळ्यात मात्र
कुठल्याशा थंड बंदरात
कुणा कप्तानानं वेगळा शिक्का उचललाय :
शेरा देण्यास नकार.

"काय केलं होतं गं त्यांनी?"
"कोळसा मारला नाही, बाई.
लढाई लागली, पाण्यात सुरुंग पेरलेले.
गोऱ्यांचा पगार वाढवला, ह्यांचा तोच.
सगळ्यांनी फावडी खाली ठेवली.
दोन महिने आत होते.
पुढे जहाज मिळालंच नाही.
म्हणून तर आमच्याकडे आंब्याच्या पेट्या ठोकतात."
एवढं बोलून ती बसत नाही.
"बाई, ही क्रांती धरायची का?"

"चार मार्कांची!" मागून कुणीतरी. वर्ग हसतो.
दोरकुळकर हसत नाही,
वही हातात घेऊन अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून बघतो.

एकोणपन्नासाव्या पानावर राजवाडा आहे,
चौक आहे, गर्दी आहे, झेंडा आहे.
फावडं नाही.
"धर," मी म्हणते.
आणि घंटा होता होता, हळूच,
"पण पेपरात लिहू नकोस."
तिनं मान हलवली.
तशी मान हलवायला मीच शिकवलंय तिला, पाचवीपासून.

रात्री प्रगतीपुस्तकं भरायला घेतली.
पालशेतकर : नियमित. मुकादम : अक्षर सुधारावे.
सारंग, रुमाना. वर्तन :
दरवर्षी लिहिते ते दोन शब्द, शांत, आज्ञाधारक,
पेनाच्या टोकाशी येऊन थांबले.
खिडकीतून मासळीचा वास,
दूर एका बोटीचं इंजिन धरत नव्हतं,
पुन्हा पुन्हा कुणीतरी ओढत होतं.
रकाना तसाच ठेवून पुस्तक मिटलं.

सोमवारी मुख्याध्यापकांची चिठ्ठी आली, लाल शाईत :
एका विद्यार्थिनीचा शेरा राहिला आहे.